पिनेच्या जागी तार

आबा,

हे पत्र रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि मी बोलत नाहीच. फोटोला हार घालते, तुमच्या तिथीला पानावर घास ठेवते, आणि कोणी पाहुणा "आबांच्या हाताला देव होता बघा" म्हणाला की मानसुद्धा डोलावते. काल मात्र डोकं फिरलं. पेठ वडगावहून कोल्हापूरला वडापच्या जीपने येत होते. दहा जणांच्या गाडीत पंधरा माणसं कोंबलेली आणि मी ड्रायव्हरच्या शेजारी. तो स्टेअरिंग इकडून तिकडे वीतभर फिरवत होता, आणि गाडी आपली सरळच चाललेली. मी म्हटलं, "पावणं, टायरॉडचा जॉइंट गेलाय तुमचा. आजच्या आज बदलून घ्या." तो हसला. "मावशी, तुमी बसा की गप. गाडी मी चालीवतोय." मागची सगळी जीप हसली. मी शिरोलीच्या नाक्यावर उतरले आणि उन्हात अर्धा तास दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी राहिले. राग त्या पोराचा नव्हता. त्याला काय माहीत, मी कोण ते? ज्याला माहीत होतं, त्यानेच ते पुसून टाकलं. म्हणजे तुम्ही.

मंगळवार पेठेतली आपली पत्र्याची शेड आठवते ना? एक खड्डा, दोन जॅक, भिंतीला टेकवून ठेवलेले स्प्रिंगच्या पाट्यांचे गठ्ठे. तुम्ही गाडीचं फक्त खालचं काम करायचा. पाटे, शॉकअप, किंगपिन, स्टेअरिंग. इंजिनाचं दुखणं घेऊन कोणी आला की त्याला पुढच्या गल्लीत धाडायचा. आपल्याकडे यायच्या त्या सगळ्या म्हाताऱ्या पिकअप. कोणी गूळ भरायचा, कोणी दुधाचे कॅन, कोणी इचलकरंजीकडून कापडाचे गठ्ठे. प्रत्येकाचं एकच म्हणणं असायचं, "आबा, मागं एक पाटा वाढवा, जरा जास्त माल बसंल." तुम्ही शिव्या घालत वाढवून द्यायचा. गाडी मागून कडक झाली की ओझं वाढायचं, पुढचं तोंड हलकं पडायचं, आणि खड्ड्याखड्ड्यांनी स्टेअरिंगचे जॉइंट झिजून जायचे. मग चार महिन्यांनी तोच माणूस "आबा, गाडी हातात ऱ्हाईना" म्हणत परत यायचा. "मागनं बसिवली की पुढनं मरती, सांगितलं हुतं का न्हाय?" असं म्हणत तुम्ही गाडीखाली शिरायचा.

मी दहावीनंतर शेडमध्ये यायला लागले ते तुमचा डबा घेऊन. मग डबा देऊन परत जायला उशीर व्हायला लागला. मग सलवारीवर तुमचा जुना शर्ट घालून मी खड्ड्यातच उतरायला लागले. तुम्हाला मुलगा नव्हता, आणि कामाला ठेवलेली माणसं टिकत नव्हती, कारण तुमची जीभ. मी टिकले. चाक उचलून वर-खाली हलवायचं, हललं तर किंगपिन गेली. दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवायचं, हललं तर टायरॉड, चाकं वळवणारा दांडा. हे तुम्ही मला एका दुपारी शिकवलंत, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम चांगलं चाक हलवायला देऊन चुकते का ते बघितलंत. नाही चुकले. कोणी तरी स्टेअरिंग हलवायचं आणि मी जॉइंटवर नुसतं बोट ठेवायचं, आतला खेळ मला डोळ्यांनी दिसण्याआधी बोटाला कळायचा. तुम्ही एका गिऱ्हाइकाला म्हणालात, "हिच्या बोटाला कान हायती." माझ्या तोंडावर कधी म्हणाला नाहीत, पण मी खड्ड्यात होते, मला ऐकू आलं. बारावी पास झाले तेव्हा मैत्रिणींना घड्याळं मिळाली, आणि तुम्ही मला नवा कोरा सोळा-सतराचा पाना दिलात, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी तो पाना रात्री उशाशी घेऊन झोपले होते. आज हे लिहिताना मला माझी लाज वाटते आहे आणि तुमची चीड येते आहे.

शेडचा एक कायदा होता. काम कोणीही करो, स्टेअरिंगचा शेवटचा नट तुम्हीच आवळणार. नट ढिला पडू नये म्हणून त्याच्या खाचेतून पिन घालणार, तिचे दोन पाय दोन दिशांना वाकवणार आणि चाकावर खडूने फुली मारणार. फुली नसलेली गाडी शेडबाहेर जायची नाही. पेठेतल्या सगळ्या ड्रायव्हरांना हे ठाऊक होतं. एकदा मी न विचारता पिन घातली, तर तुम्ही ती पकडीने उपसून माझ्यासमोर फेकलीत. "माणसाचा जीव हाय ह्या पिनंवर. तो माझ्या हातनं जाऊ दे न्हायतर ऱ्हाऊ दे, तुझ्या न्हाय." मी तेव्हा रडले, पण ते मला पटलं होतं. केवढी मोठी गोष्ट बोललात तुम्ही. आणि वेळ आली तेव्हा तोंड फिरवून मोकळे झालात.

कबनूरचे ते ड्रायव्हर तुम्हाला आठवत असणारच. यंत्रमागाचं कापड कोल्हापुरात आणून टाकायचे. स्वतःची पिकअप, तीही तिसऱ्या हाताची. बाकीचे लोक मी गाडीखालून बाहेर आले की मला ओलांडून तुम्हाला विचारायचे. हे एकटे मला विचारायचे, "ताई, काय म्हणती गाडी?" आणि मी सांगेन ते ऐकायचे. घरचे बौद्ध. दसऱ्याला त्यांच्या वस्तीतली माणसं पांढरे कपडे घालून मिरवणुकीला कोल्हापुरात यायची, आणि ती दरवर्षी ह्यांच्याच गाडीतून. त्या वर्षी नवरात्रात स्टेअरिंग लटलट करायला लागलं म्हणून त्यांनी गाडी आणली. "खंडेनवमीला दुपारी न्हेतो आबा. दुसऱ्या दिवशी बायकापोरं बसवायची हायती, जरा बघून करा." किंगपिनचे बुश मी बदलले, टायरॉडचा नवा जॉइंट मी बसवला. नट हाताने फिरवून ठेवला आणि तसाच सोडला, कारण शेवटचं आवळणं तुमचं.

खंडेनवमीला सकाळी मी सगळे पाने रॉकेलने धुतले, पुसले, पाटावर पांढरं कापड घालून लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले. हळदकुंकू, झेंडू, नारळ. पिनांचा डबासुद्धा मांडला. ते हत्यार नाही हे मला कळत होतं, पण मांडणी भरगच्च दिसावी म्हणून ठेवला. पूजा झाली आणि तेवढ्यात ते आले. तुम्ही म्हणालात, तासाभरात घेऊन जा. ते मिरवणुकीसाठी निळं कापड आणि मेणबत्त्या आणायला बाजारात गेले. मग तुम्ही गाडीखाली वाकून पाहिलंत आणि तुम्हाला आठवलं की नट आवळायचा राहिलाय आणि पाने सगळे पूजेत. मी म्हटलं, "मी काढतो की आबा पाना. आणि पिन पण." कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसंच बोलायची मी, जातो, येतो, काढतो. तुम्ही डोळे वटारलेत. "मांडल्याली पूजा हालवायची न्हाय. उद्या सोनं वाटून झाल्यावर हत्याराला हात." आणि त्यांच्याच गाडीच्या सीटखालचा तो खिळखिळा पाना काढलात, ज्याने धड चाकाचा नट निघत नव्हता. त्याने आवळलंत. पिनेच्या भोकातून पत्रा बांधायच्या तारेचा तुकडा ओवलात, दोन पीळ दिलेत. "एका दिसाचा परश्न हाय. परवा आला की पिन घालू." आणि चाकावर फुली मारलीत, आबा. तारेवर फुली.

आता मला उत्तर द्या. त्याच्या आदल्याच वर्षी, त्याच दिवशी, एका कारखान्याच्या संचालकाची जीप दारात आली होती. शॉकअपचा बोल्ट तुटला होता, एवढंच. तुम्ही देवाला हात जोडलेत, "चूकभूल पदरात घे" म्हणालात आणि पूजेतला पाना उचललात. झेंडूचं फूल खाली पडलं ते मीच उचलून परत ठेवलं. तेव्हा पूजा मोडली नाही? देव त्या वर्षी समजूतदार होता आणि पुढच्या वर्षी हट्टाला पेटला? मी किती वेळा ह्याची दुसरी कारणं शोधली. तुम्ही थकला होता, उपास होता, घाई होती. सगळी शोधून झाली की खाली एकच उरतं, आणि ते तुम्हालाही ठाऊक होतं. ती गाडी कबनूरच्या त्या वस्तीतली होती. त्यांनी तुमची पूजा मोडायला सांगण्याची हिंमत केली नसती आणि तुम्ही त्यांच्यासाठी ती मोडली नसती. त्यांना तारेचं सांगितलंतसुद्धा नाही. "सावकास जावा" एवढंच म्हणालात. मी तिथेच उभी होते.

हेरल्याच्या पुढच्या वळणावर स्टेअरिंग नुसतं हातात फिरत राहिलं आणि चाकं भलतीकडे गेली. गाडी झाडावर. ते एकटेच होते, गाडी रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तिच्यात वस्तीतल्या बायका आणि लेकरं बसणार होती, हा विचार मी आजही पुढे नेऊ शकत नाही. त्यांचा उजवा गुडघा चेपला तो कायमचाच. संध्याकाळी त्यांचा भाऊ आणि आणखी चार माणसं शेडवर आली. भावाने पोत्यात गुंडाळून तो वाकलेला टायरॉड आणला होता. भोकात तारेचा तुकडा अजून अडकलेला होता. त्याने तो तुमच्या नाकासमोर धरला. "आबा, पिनंच्या जागी ही तार कुणी घातली?" त्याचा दुसरा हात उगारलेला होता. तुम्ही तारेकडे पाहिलंत. मग माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता तुम्ही माझ्यापुढे येऊन उभे राहाल. तुम्ही म्हणालात, "पोरीनं. मी पूजंला बसलेलो, तिला म्हटलं पिन घाल, हिनं तार घातली. पोरीची जात, तिला काय कळतंय!"

उगारलेला हात खाली आला, एवढं खरं. पोरीवर कोण हात टाकणार? भाऊ माझ्याकडे बघत राहिला. माझ्या बोटांना सकाळचं कुंकू तसंच होतं. तो म्हणाला, "केस करत न्हाय आमी. पोरीचं लगीन व्हायचंय." आणि ती माणसं गेली. ज्यांच्या माणसाचा पाय गेला होता, ते माझ्या लग्नाचा विचार करत होते. माझा बाप करत नव्हता. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. त्या क्षणी मला खरोखर हायसं वाटलं होतं की तुम्हाला मार बसला नाही. राग नंतर आला, आणि आला तो गेलाच नाही.

घरी आई कडाकण्या तळत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने झारा खाली ठेवला नाही. तुम्ही हातपाय धुऊन आलात आणि चुलीपाशीच पाट ओढून बसलात. तुम्हाला वाटलं मी रडत असेन, पण मी रडत नव्हते. मी विचारलं, "माझं नाव का घेतलं?" तुम्ही म्हणालात, "तुला कोण काय करतंय? पोरगी हाईस. माझं नाव गेलं तर शेड जाती. शेड गेली तर खाणार काय, ह्या कडाकण्या?" मी म्हटलं, "आता मला कोण पाना धरू देईल?" आणि तुम्ही काय म्हणालात ते शब्द न् शब्द पाठ आहे माझ्या. "कशाला धरायचाय? लगीन झाल्यावर नवऱ्याच्या गाडीचं पाटं खोलणार हाईस व्हय?" आईने माझ्या ताटलीत दोन कडाकण्या टाकल्या. "खा गं, गार हुतील." दसरा झाल्यावर मी शर्ट चढवून निघाले तर तुम्ही दारात आडवे उभे. गिऱ्हाईक बिचकतंय म्हणे. कोणतं गिऱ्हाईक, आबा? तुम्हालाच माझं तोंड बघवत नव्हतं.

दोन वर्षांत लग्न लावून दिलंत, वडगावात. बरोबर शिलाई मशीन दिलंत. मंडपात सगळ्यांनी कौतुक केलं, पोरीला पायावर उभं केलं म्हणून. पंचवीस वर्षं झाली, मी शाळेचे गणवेश शिवते. मशीनचा दांडा ढिला झाला तर मीच आवळते. नवरा भला माणूस आहे, पण तोही चारचौघांत चेष्टेने म्हणतो, "हिच्या हातात गाडी देऊ नका, हिनं एक आडवी केल्याली हाय." सासरी हे कोणी सांगितलं? आपल्याच पेठेतून आलं. तुमचं वाक्य इतक्या लांबवर चालत आलं, आणि तुम्ही जिवंत असताना एकदाही त्याच्या मागे जाऊन त्याला परत बोलावलं नाहीत. दवाखान्यात शेवटचे आठ दिवस मी तुमच्या उशाशी होते. माणसं येत, तुमचे हात हातात घेत, "किती गाड्या सरळ केल्या ह्या हातांनी" म्हणत. मी वाट बघत होते. तुम्ही पाणी मागितलंत, चादर मागितलीत, शेडची किल्ली कुठे आहे ते विचारलंत.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या वर्षी, वडगावच्या बाजारात, मी अस्तराचं कापड बघत फिरत होते. कोणी तरी हाक मारली, "ताई, वळखलं का?" पोत्यावर कटपीस मांडून ते बसले होते, कबनूरचे. उजवा पाय काठीसारखा सरळ पुढे. गाडी पुढे भाच्याला दिली म्हणाले. तुमच्या शेडवर अखेरपर्यंत तीच गाडी येत होती, हे मला तेव्हा कळलं. हे स्वतः डाव्या सीटवर बसून यायचे. "आबा गेल्यालं कळलं. मातीला यायचं जमलं न्हाय, पाय असा." मी मान हलवली. त्यांनी अस्तर मोजायला घेतलं आणि हात थांबवून म्हणाले, "एक इचारीन म्हणतो. राग मानू नगा. ती तार खरंच तुमी घातल्याली?"

आबा, ह्या प्रश्नाची मी तेरा वर्षं तयारी केली होती. मशीन चालवताना, भाकरी थापताना, वडापमध्ये बसल्यावर. नाही, आबांनी घातली. मी डोळ्यांनी पाहिली. पिन समोर होती, त्यांनी घेतली नाही, आणि का घेतली नाही तेही मला माहीत आहे. सगळं ओठांवर होतं, आणि जगात ज्याला ते सांगायला हवं होतं तोच एक माणूस समोर बसला होता. त्याचा तो हक्क होता, माझ्यापेक्षा जास्त त्याचा.

"व्हय," मी म्हणाले. "मीच."

त्यांनी परत अस्तर मोजायला घेतलं. "माझा भाव म्हणायचा, म्हाताऱ्यानंच केलं आसंल. मी म्हटलं, खुळा हाईस. आबाचा हात लागल्याली गाडी अशी सुटायची न्हाय." मग मला म्हणाले, "तुमी जिवाला लावून घिऊ नगा ताई. ल्हान हुता." आणि त्यांनी मोजलेल्या कापडावर आणखी हातभर कापड सोडून कात्री लावली. मी ते घेतलं. मी त्यांना दुसऱ्यांदा फसवलं, आणि वर त्यांनी माझी समजूत काढली.

हे पत्र पूर्ण झालं की घडी घालून गणवेशाच्या मापांच्या वहीत ठेवीन. नवऱ्याला दाखवणार नाही, मुलांना नाही. काल दाखवायचं ठरवलं होतं, म्हणूनच लिहायला बसले. पण खरं सांगते, त्यांनी "आबाचा हात लागल्याली गाडी" म्हटलं तेव्हा, त्यांचा तो ताठ पाय समोर दिसत असताना, मला तुमचा अभिमान वाटला होता. आणि हा कागद कोणी वाचला तर तुमचं नाव जाईल. ते मला अजूनही नको आहे.